भरवशाचं मशीन

मुजावर मेकॅनिकने ड्रम हाताने दोनदा फिरवला, मशीनच्या पाठीला कान लावून ऐकलं आणि पाना पिशवीत टाकला. जयमालाबाई मगदूम यांना त्यातूनच कळायचं ते कळलं.

"बेअरिंग गेलंय, शाफ्टपण खाल्लाय. सतरा वर्षं झाली, आक्का. आता यात जीव घालण्यात अर्थ नाही."

"आजच मरायचं होतं याला," जयमालाबाई म्हणाल्या. "लग्नाचे पाहुणे काल गेले. सोळा चादरी पडल्यात. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा असा!"

घरात नवी सून येऊन चार दिवस झाले होते. ती, ऋजुता, दारात चहा घेऊन उभी होती आणि सासूबाई चिडल्यात की विनोद करताहेत याचा तिला अजून अंदाज येत नव्हता.

"मग आता भरवशाचं कुठलं घेऊ, ते तरी सांगा," जयमालाबाई मुजावरला म्हणाल्या.

सांगलीत विश्रामबागेतल्या निम्म्या घरांनी मुजावरला विचारूनच मशीन घेतलं होतं. त्याने चहा बशीत ओतला. "अक्कल कमी असलेलं घ्या. दोन बटणं आणि एक मोटर. मशीनला अक्कल आली की त्याला रोग होतात, आणि मग ते आपले रोग काढत बसतं."

जयमालाबाईंना हे शंभर टक्के पटलं. पण पटून उपयोग काय? निवडण्याचं खातं त्यांच्या लेकाकडे होतं. श्रेणिक कुपवाडच्या एका औषध कारखान्यात तपासणी विभागात होता. गोळ्यांची बॅच पास करायची की जाळून टाकायची, हे ठरवण्यात त्याचा दिवस जाई, आणि घरी आल्यावरही ही खोड सुटत नसे. दोडका घेतला तरी तो टोक मोडून, वास घेऊन, मगच पिशवीत पडे. बायको निवडतानाही त्याने नऊ मुलींचे वैद्यकीय तपासणीचे कागद वाचून परत केले होते. ऋजुता दहावी. तिच्या कागदांत खोट निघाली नाही, म्हणून लग्न झालं. पुढे तिच्यावर त्याचा जीवही जडला, पण क्रम असा होता.

त्याला हसण्यात अर्थ नाही. तो बारा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि पुढची नऊ वर्षं ते पुढच्या खोलीत पडून होते. ती नऊ वर्षं जयमालाबाईंनी रोज चादरी धुतल्या. घाण झालेली चादर मशीनला टाकायची नाही, असा सासूचा दंडक होता, म्हणून सगळ्या हाताने. श्रेणिक शाळेतून येई तेव्हा आई मोरीत धोपटत असे आणि घरभर फिनेल दरवळत असे. आजार म्हणजे त्याच्या लेखी हा आवाज आणि हा वास. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं की आपल्या घरात हे परत शिरू द्यायचं नाही.

शोरूममध्ये अकरा मशीन ओळीने मांडली होती. श्रेणिक दहांच्या पुढून नुसता चालत गेला आणि अकराव्यापाशी थांबला. त्याचं नाव 'पारखी'.

"हे कपडे धुतं, ते तर सगळीच धुतात," विक्रेता म्हणाला. "हे धुण्याआधी वास घेतं."

त्याने पुढे जे सांगितलं ते जयमालाबाईंनीही कान देऊन ऐकलं. आपल्या अंगाला सतत एक बारीक तेल सुटत असतं. मानेला, खांद्यांना, पाठीवर सगळ्यात जास्त. काही आजार बाहेर दिसायच्या कितीतरी आधी या तेलातली द्रव्यं बदलतात. कंपवाताचंच घ्या. हात थरथरायला लागतो तेव्हा मेंदूतल्या त्या पेशी निम्म्याहून जास्त मेलेल्या असतात, पण तेलातला बदल त्याआधी आठ-दहा वर्षं सुरू होतो. माणसाच्या नाकाला तो सहसा कळत नाही. या मशीनच्या तोंडाशी नखाएवढी एक पट्टी होती, तिला कळायचा. कपडा तोंडाशी दोन क्षण धरायचा. आतून कोमट वाफ सुटे, कपड्यातून जाई आणि परत आत ओढली जाई. कपडा कुणाचा हे कळायला प्रत्येक कपड्याला आतून एक बिल्ला शिवायचा, शर्टाच्या बटणाएवढा. दरवाजावर घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक ठिपका होता. सगळं ठीक असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, खात्री असेल तर लाल. आणि दर महिन्याच्या एक तारखेला घरच्या कर्त्याच्या फोनवर अहवाल.

"आणि चुकलं तर?" ऋजुताने विचारलं.

"एका धुण्यावरून हे काही बोलतच नाही मॅडम. शंभर-सव्वाशे धुणी बघतं, मग बोलतं. म्हणून तर भरवशाचं."

हे श्रेणिकच्या मनातलंच वाक्य होतं. मशीन दुसऱ्या दिवशी घरी आलं.

बिल्ले शिवायला ऋजुता बसली. आपले झाले, नवऱ्याचे झाले, तशी तिने सासूचा गाऊन हातात घेतला. "माझा ठेव गं," जयमालाबाई म्हणाल्या. "मी आपले कपडे अंघोळीबरोबर पिळून टाकते. पस्तीस वर्षांत माझं धुणं कुणाला लागलं नाही, तर त्या मशीनला कशाला?" उरलेल्या बिल्ल्यांचं पाकीट ऋजुताने खालच्या खणात ठेवलं. मशीनला या घरात दोनच माणसं ठाऊक झाली.

आता जयमालाबाईंची एक सवय सांगायला हवी. ती काही त्यांच्या एकटीची नाही. मशीनमध्ये टाकलं की कपडा निघतो, हे मराठी बाईने आजवर मनापासून मान्य केलेलं नाही. गळा, कॉलर, बाह्यांची टोकं आधी साबणाच्या वडीने हाताने घासायची, पिळायचं आणि मग ते स्वच्छ झालेले कपडे धुवायला टाकायचे. मशीन बनवणाऱ्या परदेशी इंजिनियरांनी शंभर प्रकारच्या चुका आधी ताडून ठेवल्या होत्या. धुण्याआधी कुणी कपडे धुवेल, हे मात्र त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

श्रेणिकच्या कपड्यांत घासण्यासारखं काही नसे. कारखान्याचे कपडे कारखान्यातच धुतले जात, घरी नुसते टी-शर्ट आणि बर्मुडा. ऋजुता शाळेत शिकवायची. मार्करची शाई बाह्यांना, एसटीचा धुरळा गळ्याला. पहिल्या आठवड्यातच सासूला मोरीत आपले कुर्ते घासताना पाहून ती कानकोंडी झाली. "आई, माझे कपडे तुम्ही घासायचे नाहीत हं. मला लाजल्यासारखं होतं. आणि मशीनच्या पुस्तकातपण तसंच टाका म्हणून लिहिलंय."

"बरं बाई, नाही घासत," जयमालाबाई म्हणाल्या.

आणि घासत राहिल्या. दुपारी घर रिकामं असे. बारा वाजता त्या मोरीत बसत, सुनेचे कुर्ते घासत, घट्ट पिळत आणि ते पिळे खांद्यावर, मानेभोवती टाकून मागच्या गॅलरीतल्या मशीनपर्यंत जात. हात मोकळे राहावेत म्हणून पिळे खांद्यावर टाकायचे, हे त्या सासूकडून शिकल्या होत्या. उन्हाळ्यात तो ओला गारवा मानेला बरा वाटे, म्हणून तिथेच जरा टेकून पेपर वाचत. कधी त्याच कुर्त्याने कपाळ टिपत. त्यांना मुलगी नव्हती. सुनेला जवळ घेणं, लाड करणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. माया त्यांच्या हातून साबणाच्या वडीवाटेच निघे.

"आई, मशीन भारीच आहे हो," एकदा ऋजुता म्हणाली. "गळे काय स्वच्छ निघतात!"

जयमालाबाई ताटात बघून हसल्या. संध्याकाळचं जेवण चाललं होतं, सूर्य मावळायच्या आत उरकायचं म्हणून घाई होती. सुनेने नकळत केलेलं ते कौतुक त्यांनी पुढे कित्येक दिवस आठवून आठवून जपलं.

सहाव्या महिन्यात ऋजुताचा ठिपका पिवळा झाला. आठव्या महिन्यात लाल.

एक तारखेला श्रेणिकने अहवाल तीनदा वाचला. मग बायकोला समोर बसवून शांतपणे वाचून दाखवला. कंपवाताच्या पूर्वखुणा, खात्री शेकडा एक्क्याण्णव. त्याने आवाज चढवला नाही. त्याचा आवाज कधीच चढत नसे.

ऋजुता एकतीस वर्षांची होती. आदल्याच आठवड्यात दोघांनी मुलाचा विचार पक्का केला होता. ती आधी हसली, मग रडली, मग एकटीच पुण्याला जाऊन मोठ्या डॉक्टरांना भेटली. त्यांनी तिच्या पाठीवरून कापसाचा बोळा फिरवला, प्रयोगशाळेत पाठवला आणि आठ दिवसांनी सांगितलं, काही नाही, निर्धास्त जा. तो कागद छातीशी धरून ती घरी आली.

श्रेणिकने कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला. "हे एका दिवसाचं सँपल आहे. मशीनकडे एकशे चाळीस धुणी आहेत. एका सँपलवर आम्ही बॅच पास करत नाही, ऋजुता."

"मी बॅच नाहीये!"

"तसं नाही म्हणत मी. पण मूल आत्ता नको. थोडे दिवस बघू."

"किती दिवस?"

"ठिपका काय म्हणतो ते बघू."

त्या दिवसापासून घरात ठिपक्याचं राज्य सुरू झालं. श्रेणिक कामावरून आला की चपला काढायच्या आधी गॅलरीत जाई. ऋजुताच्या हातून चमचा पडला की तो बघे. तिने भाजी चिरताना सुरी थांबवली की बघे. बघितलं जातंय म्हटल्यावर तिचा हात खरंच अवघडू लागला, आणि तो अवघडलेला हात बघून त्याची खात्री वाढत गेली. जयमालाबाईंना सुनेची कीव येई. त्यांनी तिच्या कुर्त्यांना जास्तच जपायला सुरुवात केली. आजारी पोर, तिला निदान चकचकीत कपडे मिळावेत, म्हणून दोनदा घासू लागल्या.

एका रविवारी ऋजुता सासूजवळ येऊन बसली. "आई, तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं तो ऐकेल. समजा, झालंच मला दहा वर्षांनी काही, तर काय मला टाकून देणार का? तुम्ही नाही का केलंत बाबांचं?"

हा प्रश्न तिने विचारायला नको होता. नऊ वर्षांचा तो फिनेलचा वास जयमालाबाईंच्या नाकात उभा राहिला.

"केलं ना," त्या म्हणाल्या. "म्हणूनच सांगते. आजारी माणसाचं करणं काय असतं ते मला विचार. मी नऊ वर्षं माणूस नव्हते, धोपटणं होते नुसतं. माझ्या लेकाच्या वाट्याला ते यावं असं मी नाही म्हणणार. तुझी आई माझ्या जागी असती तर तिनेपण तिच्या लेकासाठी हेच म्हटलं असतं."

दारात श्रेणिक उभा होता. त्याने ते ऐकलं. त्याला हवी असलेली सही मिळाली.

भांडण असं झालंच नाही. ऋजुताने आपले कपडे भरले. जाताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आई, गळे स्वच्छ निघायचे ते मशीनमुळे नाही ना? मला कळलं होतं. साबणाचा वास यायचा. तुम्हाला बरं वाटतंय म्हणून बोलले नाही मी."

जयमालाबाईंनी तिच्या हातातली पिशवी धरली. पण वेळ गेली होती, रिक्षा खाली उभी होती, आणि त्या वाक्यात किती काय दडलंय हे तेव्हा दोघींनाही कळलं नाही.

दोन्हीकडच्या संमतीने घटस्फोट ठरला. कोर्टात पहिली तारीख झाली, दुसरी सहा महिन्यांनी होती. ऋजुताचं नाव मशीनमधून काढलं तसा तिचा लाल ठिपका विझला. श्रेणिकचा एकटाच हिरवा उरला. "बघ आई, घर कसं स्वच्छ झालं," तो म्हणाला.

दुपारी बारा वाजता आता जयमालाबाईंना काम नव्हतं. रिकाम्या हातांना चैन पडेना. म्हणून त्या लेकाचे टी-शर्ट घासू लागल्या. मळलेले नसतानाही घासत, पिळत, मानेवर टाकून टेकत. पाच-साडेपाच महिने असे गेले. आणि एका मंगळवारी, शेवटचा टी-शर्ट मशीनच्या तोंडाशी धरला असताना, श्रेणिकच्या नावापुढचा ठिपका पिवळा झाला.

त्यांनी मशीन बंद करून परत चालू केलं. पिवळाच. फडक्याने पुसून बघितला. पिवळाच. त्या तिथेच फरशीवर बसल्या. आपला एकुलता एक लेक, चौतीस वर्षांचा. देवाने याच घरावर का डोळा ठेवलाय? मग त्यांना आठवलं की अहवाल एक तारखेला जातो. अजून अठरा दिवस होते. त्यांनी मुजावरला फोन लावला.

मुजावर तासाभरात आला. अक्कलवाल्या मशीनची कामं त्यानेही शिकून घेतली होती, पोटासाठी सगळं शिकावं लागतं. त्याने तोंडाजवळची पट्टी काढून पाहिली, स्वच्छ होती. मग टोपलीतला टी-शर्ट उचलला आणि थबकला.

"हा ओला कसा? धुवायचाय ना?"

"गळा घासलाय. मी आधी घासूनच टाकते. तुमच्या मशीनचा मला भरवसा नाही."

मुजावरने टी-शर्ट उलटा केला, सुलटा केला. "घासून, पिळून मग?"

"मग काय! खांद्यावर टाकून इथं आणते."

"होय की," मुजावर हळूच म्हणाला आणि स्टुलावर बसला. "आक्का, हे मशीन गळ्याचा वास घेतं. पोराच्या गळ्याचं तेल तर तुम्ही साबणानं घालवलं. मग तुमच्या मानेवर टाकलं. आता त्यात तेल कुणाचं राहिलं?"

जयमालाबाईंचा हात मानेवर गेला.

"बिल्ला पोराचा, तेल तुमचं. मशीनला बिल्ल्यापलीकडं काय कळतंय? वड्याचं तेल वांग्यावर. तुम्ही असं करा, कपड्यांना हातच लावू नका. मळकटच टाका. दहा-पंधरा धुण्यांत हिरवा होईल, बघा की." त्याने पिशवी आवरली. मग उठता उठता त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो दारात घुटमळला. "पण आक्का, पिवळा कुणामुळं झाला, हे बघायला पाहिजे. तुम्ही एकदा दाखवून या."

तो गेला. जयमालाबाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. सून तपासून झाली, तिला पुण्यापर्यंत पाठवून झालं, आणि आजार इथे मांडीवर हात ठेवून बसला होता. त्यांनी उजवा हात ओट्यावर ठेवला आणि न हलवता बघत राहिल्या. पहिल्यांदा काही झालं नाही. मग त्यांनी मनातल्या मनात णमोकाराचा जप सुरू केला, आणि लक्ष तिकडे गेलं तसा अंगठा आपोआप तर्जनीवर घासू लागला. जपाचे मणी ओढावेत तसा. गेलं वर्षभर त्यांना वाटत होतं की ही जपाचीच सवय लागलीय.

त्यांना ऋजुता आठवली. दोनदा घासलेले कुर्ते आठवले. रडू आलं, आणि ते खरं होतं. कोर्टाच्या शेवटच्या तारखेला अजून बारा दिवस होते. एक फोन केला की संपलं. श्रेणिक हट्टी होता पण पुरावा मानणारा होता. त्याला मुजावरचं बोलणं सांगितलं असतं तर त्याने मशीनची धुणी तपासली असती, चूक शोधली असती आणि जाऊन बायकोला घेऊन आला असता. आणि मग चूक कुणाच्या अंगाची, तेही त्यानेच शोधलं असतं.

इथे त्यांचा विचार अडकला. लेकाला त्या ओळखून होत्या. त्यांनीच त्याला शिकवलं होतं, आजारी माणसाचं करणं काय असतं ते.

शेवटी त्यांनी ऋजुताला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"आई?"

इतक्या महिन्यांनी तो शब्द ऐकून जयमालाबाईंचा जीव गोळा झाला. "कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही? आई, तुमचा हात कसा आहे हो? मी तिथे होते तेव्हा पोथी वाचताना अंगठा हलायचा तुमचा. मला तेव्हाच बोलायचं होतं, पण त्या घरात तेव्हा हाताबद्दल बोलायची सोय नव्हती. एकदा दाखवून घ्या. मी येऊ का सोबत? श्रेणिकला नाही सांगणार."

हीच वेळ होती. शब्द ओठांवर होते. हे लेकरू स्वतःच्या उद्ध्वस्त संसारातून त्यांचा हात धरायला तयार होतं, आणि तेवढ्यासाठीच जयमालाबाईंना तिची भयंकर भीती वाटली. हिला सगळं माहीत आहे. ही परत आली तर हाताचं हे सगळं श्रेणिकपुढे येणार.

"मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "फोन कशाला केला, तर ते बिल्ल्यांचं पाकीट कुठे ठेवलंयस ते सापडेना. लागतील आता."



"खालच्या खणात," ऋजुता म्हणाली. "डाव्या बाजूला. आहेत त्यात भरपूर."

शेवटची तारीख झाली. सही करताना ऋजुताचा हात एकदाही हलला नाही, हे श्रेणिकने पाहिलं, पण एका सहीवरून तो काही ठरवणाऱ्यातला नव्हता. जयमालाबाईंनी कपड्यांना हात लावणं सोडलं. लेकाचे टी-शर्ट चिमट्याने उचलून टोपलीत टाकू लागल्या. एक तारखेच्या अहवालात श्रेणिक मगदूम निर्दोष निघाला.

पावसाळा संपला तशी जयसिंगपूरची मंडळी मुलीचं स्थळ घेऊन घर बघायला आली. मुलगी बोलायला मोकळी, आई चौकस. चहा-चिवडा झाल्यावर आई उठून सगळं घर हिंडली आणि गॅलरीत येऊन थांबली. जयमालाबाई आपली भरली कपबशी हातात घेऊनच मागोमाग आल्या.

"आमचं मशीन परवाच बंद पडलं हो. भरवशाचं असं कुठलं राहिलंच नाही. तुमचं हे कसं आहे?"

"एकदम भरवशाचं," जयमालाबाई म्हणाल्या. "दोन वर्षं होत आली, तक्रार नाही. दुसरं बघूच नका."

"पण गळे निघतात का? मी आपली अजून हाताने घासूनच टाकते."

"नका घासू," जयमालाबाई एकदम म्हणाल्या. आवाज इतका वर गेला की सगळे बघू लागले. त्यांनी हसून सावरलं. "म्हणजे आमच्याकडे कपड्यांना कुणी हातच लावत नाही. मशीन खोटं बोलत नाही, आपण मध्ये पडलो की बिघडतं."

बोलण्याच्या नादात लक्ष हातावरून उडालं. कपबशी खडखडायला लागली. पदराखाली घ्यायला हात मोकळा नव्हता. चहा बशीत सांडला, मग साडीवर. मुलगी चटकन पुढे झाली आणि तिने कपबशी हातातून अलगद काढून घेतली. "द्या आई, मी घेते."

श्रेणिक दारात उभा राहून बघत होता. तोंडाकडे नाही. हाताकडे.

पाहुणे गेले. पसंती दोन्हीकडून होती. जयमालाबाई साडी बदलून आल्या तेव्हा श्रेणिक जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर त्यांचा गाऊन होता, सुईदोरा होता आणि खालच्या खणातला एक कोरा बिल्ला होता.

"आई, उद्यापासून तुझे कपडेपण मशीनला टाकत जा."

"माझे कशाला? मी अंघोळीबरोबर पिळून टाकते. इतकी वर्षं..."

"माहितेय. आता नको पिळूस." त्याचा आवाज शांत होता, नेहमीसारखाच. "घाबरू नकोस. एका कपबशीवरून मी काही ठरवत नाही. शंभर धुणी होऊ देत."

जयमालाबाईंनी लेकाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, प्रेमही होतं, पण ते बाजूला ठेवलेलं होतं, निकाल येईपर्यंत. हेच डोळे ऋजुता जाईपर्यंत रोज बघत होती. या क्षणी हाताला धरणारं एकच माणूस त्यांना ठाऊक होतं, आणि ते जयमालाबाईंनी स्वतः दाराबाहेर काढलं होतं.

त्यांनी गाऊन पुढे ओढला आणि सुई उचलली. दोरा ओवायला चार वेळा बघितलं, नाही जमलं. शेवटी श्रेणिकने त्यांच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि बिल्ला गळ्याच्या आतल्या बाजूला स्वतःच शिवून दिला.